चाळीस जीबी आणि अठ्ठेचाळीस टक्के

पत्र, थोडक्यात: "ताई, मी मूळची मिरजेची, सध्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग होऊन सहा वर्षं झाली. अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायला एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यायची आहे. कागदपत्रं पडताळणीला गेली आहेत, एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, अजून आलेली नाही. मैत्रिणीकडून तयारीचं सॉन्डर्सचं जुनं पुस्तक घेतलं, एका प्रश्नपेढीचं तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं, शिवाय टेलिग्रामवर चाळीस जीबी साहित्य मिळालं आहे. व्हिडिओ, नोट्स, रिकॉल्स (परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न), सगळं त्यात आहे. एक क्लासवाले साठ हजारांत 'पास होईपर्यंत शिकवू' म्हणतात. प्रश्नपेढीत पहिल्या आठवड्यात ४८ टक्के आले आणि हातपायच गळाले. आयसीयूत काम करून मला हे येऊ नये? काय वाचू, काय सोडू? आणि एक वेडा प्रश्न: नोट्स मराठीत काढल्या तर चालतं का?"

प्रिय सिस्टर,

आधी त्या ४८ टक्क्यांचं बघू. बाकीचा सगळा पसारा तू त्या आकड्याला घाबरूनच मांडला आहेस, असं मला वाटतं.

आपण विद्यापीठाच्या पेपरांवर वाढलो. पन्नासच्या खाली म्हणजे नापास, हे डोक्यात पक्कं बसलंय. एनक्लेक्स तशी नाही. तिथे उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न जरा अवघड देतो, चुकलं की जरा सोपा. प्रत्येक प्रश्न तुला निम्म्या-निम्म्या शक्यतेने यावा, असा त्याचा बेत असतो. म्हणजे जी बाई पास होते, तीसुद्धा जवळपास निम्मेच प्रश्न बरोबर सोडवून बाहेर पडते, आणि बाहेर पडताना तिला वाटत असतं की आपण गेलो. संगणक टक्के मोजत बसत नाही. तुझी पातळी ठरलेल्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री पटली की तो थांबतो. चांगल्या प्रश्नपेढ्याही मुद्दाम अवघड केलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात ४८ आले असतील तर रडू नकोस. मला तर पहिल्या आठवड्यात त्याहून कमी होते.

माझं सांगते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत नाही हे तुला कळेल. मी ही परीक्षा पहिल्यांदा दिली ती २०१८ मध्ये, मुंबईच्या सेंटरला. तेव्हा ७५ ते २६५ प्रश्न असायचे. मला २६५ आले, आणि मी नापास झाले. माझ्याकडे तीन पुस्तकं होती, दोन अ‍ॅपं होती आणि दुबईच्या मैत्रिणीने पाठवलेल्या नोट्सचा एक गठ्ठा. सगळं अर्धं अर्धं वाचलं होतं. एक पुस्तक अवघड वाटलं की दुसरं उघडायचं, दुसऱ्यात मन रमेना की व्हिडिओ. आपण अभ्यास करतोय असं वाटत राहायचं. नापास झाल्यावर पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत हातात पैसेच उरले नव्हते म्हणून एकच प्रश्नपेढी ठेवली, आणि त्यातली प्रत्येक चूक वहीत लिहून काढली. दुसऱ्या खेपेला पास झाले.

तेव्हा तुझ्या सामानाकडे येऊ.

टेलिग्राम ग्रुप आजच सोड. त्यातला 'रिकॉल्स'चा फोल्डर न उघडताच काढून टाक. आखाती देशांच्या परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलींना रिपीट प्रश्न पाठ करण्याची सवय लागलेली असते, आणि तीच सवय एनक्लेक्सला घेऊन जातात. इथे प्रत्येकीला वेगळे प्रश्न येतात, तिच्या उत्तरांवरून निवडलेले. पाठांतर करणार कशाचं? शिवाय परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही, हे प्रत्येक उमेदवाराने मान्य केलेलं असतं. ते सांगणं आणि घेणं दोन्ही गैर, आणि निकाल रोखला जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ज्या लायसन्ससाठी एवढा खटाटोप चाललाय, त्याच्याच मुळावर कशाला यायचं? बाकीचे पस्तीसेक जीबी राहिले. ते वाईटच असतील असं नाही, पण कुठल्या साली कुणी बनवलेत याचा पत्ता नसतो, आणि या परीक्षेत सालाला फार महत्त्व आहे.

कारण १ एप्रिल २०२३ पासून परीक्षा बदलली. आता कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. त्यात तीन केस स्टडी ठरलेल्या, प्रत्येकीत सहा प्रश्न. एकाच पेशंटचे नर्सेस नोट्स, व्हायटल्स (नाडी, बीपी वगैरे), लॅब रिपोर्ट टॅबमध्ये समोर असतात, आणि त्यावरून एकेक पायरी विचारत जातात: यातलं काय खटकतंय, त्याचा अर्थ काय, आधी कशाची भीती, काय करता येईल, आत्ता काय करशील, केल्याचा उपयोग झाला का. गुण देण्याची पद्धतही बदलली, अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण मिळतात. 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात बरोबर खुणेला एक गुण, चुकीच्या खुणेला एक वजा, मात्र शून्याच्या खाली जात नाही. जुन्या पुस्तकांत यातलं काहीच नाही.

मैत्रिणीचं सॉन्डर्स आत्ता हातात घे आणि पहिल्या पंधरा-वीस पानांत परीक्षेची माहिती शोध. '७५ ते २६५ प्रश्न, सहा तास' असं लिहिलं असेल तर ते २०२० च्या आधीचं. '७५ ते १४५' असेल तर कोविडच्या काळातलं. '८५ ते १५०' असेल आणि मागच्या सूचीत 'बो-टाय' हा नव्या प्रश्नप्रकाराचा शब्द सापडला, तर कामाचं. अप्पा बळवंत चौकात किंवा ऑनलाइन जुनं पुस्तक घेतानाही हीच खूण बघ, मुखपृष्ठावरच्या रंगीत पट्टीवर जाऊ नकोस. परीक्षेचा आराखडा दर तीन वर्षांनी नव्याने येतो. २०२३ नंतरचा १ एप्रिल २०२६ पासूनचा. तो आराखडा परीक्षा घेणारी एनसीएसबीएन ही संस्था स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते, नमुना परीक्षाही तिथेच असते. चाळीस जीबी उतरवून घेणाऱ्या मुलींपैकी ती एक पीडीएफ वाचलेली मला क्वचितच भेटते. कुठल्या भागावर किती टक्के प्रश्न, हे त्यात छापलेलं आहे. सगळ्यात मोठा वाटा 'मॅनेजमेंट ऑफ केअर'चा आहे, म्हणजे आधी कुणाकडे जायचं, काम कुणाला द्यायचं, पेशंटचे हक्क. त्यानंतर औषधं. आणि तू महिनाभर कदाचित ईसीजीच्या पट्ट्या बघत बसली असशील, आयसीयूतली आहेस म्हणून.

पुस्तक जुनं निघालं तरी फेकू नकोस. शरीर काही २०२३ मध्ये बदललं नाही. एखादा विषय विसरला असेल, बर्न्समधलं फ्लुइड म्हण किंवा गरोदरपणातलं प्रीएक्लॅम्प्सिया, तर कोशासारखं उघडून तेवढंच वाच. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेतलंस तर मात्र ते तुला गिळेल.

आता प्रश्नपेढी. यूवर्ल्ड घे, आर्चर घे, तिसरं काही घे, एक चांगली पुरे. ती चांगली आहे की नाही, ते प्रश्नावरून नाही कळत, उत्तराखालच्या स्पष्टीकरणावरून कळतं. बरोबर पर्याय बरोबर का, एवढंच लिहिलं असेल तर ती अर्धीच. उरलेले तीन चूक का, हे प्रत्येकाचं वेगळं लिहिलेलं हवं. डेमोमध्ये थोडे प्रश्न मिळतात, ते सोडव आणि हे तपास. केस स्टडी आहेत का, टॅब उघडतात का, तेही बघ. आणि हे सगळं लॅपटॉपवर कर. भावाचा, नवऱ्याचा, कुणाचाही माग. परीक्षा मोठ्या स्क्रीनवर आणि माउसवर आहे. लोकलमध्ये किंवा बसमध्ये मोबाइलवर सोडवलेल्या केस स्टडीत डावीकडचा रिपोर्ट आणि उजवीकडचा प्रश्न एकत्र दिसतच नाही.

एक चूक तू करून बसली आहेस, पण ती सगळ्याच करतात. एटीटी येण्याआधी सबस्क्रिप्शन घेतलंस. पडताळणीला कधीकधी कित्येक महिने लागतात. कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट अडकतं, कौन्सिलचा शिक्का अडकतो, आणि इकडे तुझ्या डॉलरांचे दिवस संपत असतात. आता घेतलंच आहे तर वापर, पण टक्के वाढवायला नको, चुका शिकायला वापर. दिवसाला वीस-पंचवीस प्रश्न, आणि जेवढा वेळ सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणं वाचायला. नाइट ड्युटीनंतर अजिबात नको, आधी झोप. एटीटी आली की तिलाही मुदत असते. तेव्हा तारीख घे आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचं महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घे. प्रश्न कोरे असतील, तयारी खरी कळेल. परीक्षेची फीच २०० डॉलर आहे, अमेरिकेबाहेरच्या सेंटरला बसायचं तर वर १५० डॉलर. दुसऱ्यांदा बसायची वेळ आली तर हे पुन्हा, त्यामुळे पहिल्या खेपेच्या तयारीत थोडे पैसे घातलेले बरे. साठ हजार मात्र नव्हेत.

तू विचारलंस, आयसीयूतली असून मला हे का येत नाही. सिस्टर, आयसीयूतली आहेस म्हणूनच येत नाही. एक उदाहरण घे, माझ्या वहीतल्यासारखं मीच रचलेलं. चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाशील?

एक, सीओपीडीचे (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) आजोबा, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८९ टक्के. दोन, हिपचं ऑपरेशन झालेल्या बाई, दुखणं दहापैकी आठ. तीन, डायबेटीसचा पेशंट, शुगर २१०. चार, काल थायरॉइड काढलेली तिशीतली बाई, म्हणते, 'ओठांभोवती मुंग्या येतात.'

तू आजोबांकडे धावलीस ना? मीही धावले असते. ८९ दिसलं की मॉनिटर ओरडतो, आणि मॉनिटर ओरडला की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. पण सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, आजोबा त्यांच्या जागी ठीक आहेत. दुखणं खरं आहे, पण त्याने जीव जात नाही. शुगरला वेळ आहे. थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, पहिल्यांदा ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, मग झटके, मग घशाचे स्नायू आवळले जाऊन श्वासच बंद. चौघांत सगळ्यात कमी आरडाओरडा तिच्या बेडवर आहे. तिचं नाव उत्तरात आहे.

हे तुला माहीत नव्हतं असं नाही. कॅल्शियमचं तू कॉलेजात शिकली आहेस. फक्त त्या क्षणी विचारांची दिशा वॉर्डाची होती. अशा वॉर्डाच्या सवयी शोधून त्या बाजूला ठेवायला शिकवेल, ते साहित्य तुझ्या कामाचं.

आणखी दोन-तीन सवयी सांगते, बाकी तुझ्या तुला सापडतील.

आपल्याकडे काही बिघडलं की पहिलं वाक्य 'आरएमओंना बोलवा', म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना. परीक्षेत डॉक्टरला कळवणं हा पर्याय जवळजवळ नेहमी असतो आणि पुष्कळदा चूक असतो, कारण त्याआधी तुला काहीतरी करायचं असतं: पेशंटला बसवायचं असतं, रक्त चढत असेल आणि थंडी वाजायला लागली तर ते बंद करायचं असतं, ऑक्सिजन लावायचा असतो. मग फोन. कधी आधी तपासायचं आणि कधी थेट हात घालायचा, हा फरक पुस्तकापेक्षा स्पष्टीकरणं वाचून लवकर उमजतो.

दुसरी सवय कामं वाटण्याची. आपल्या वॉर्डात मावशी आहेत, मामा आहेत, आणि सगळ्यात जास्त नातेवाईक आहेत. 'काका, बाटली संपली की सांगा हं' असं आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. तिथे रजिस्टर्ड नर्सखाली एलपीएन (कमी शिक्षणाची लायसन्सधारी नर्स) असते आणि तिच्याखाली सहायक. सहायक आंघोळ घालेल, स्थिर पेशंटचे व्हायटल्स घेईल, बाथरूमला नेईल. पहिली तपासणी, शिकवणं आणि उपयोग झाला का हे ठरवणं मात्र तू कुणाकडेही सोपवायचं नाहीस. मॅनेजमेंट ऑफ केअरचे किती प्रश्न याच धाग्यावर असतात! आपल्याला अशी उतरंड रोजच्या कामात दिसत नाही, म्हणून या भागाला दुप्पट वेळ दे, आयसीयूच्या भागातून कापून.

आणि तिसरी, जी सोडताना मला सगळ्यात वाईट वाटलं. रडणाऱ्या पेशंटला आपण म्हणतो, 'घाबरू नका, काही होत नाही, सगळं ठीक होईल.' किती मायेने म्हणतो! परीक्षेत हे वाक्य कुठल्याही रूपात दिसलं की चूक. खोटा दिलासा म्हणतात त्याला. 'तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगता का?' असं काहीतरी बरोबर असतं. इथे न्यू जर्सीत पेशंटच्या कॉटपाशी उभी असताना अजूनही ते पहिलं वाक्य माझ्या ओठांवर येतं आणि मी ते गिळते. तसंच, कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगू नका अशी नातेवाइकांची विनंती, मुलाकडून भाषांतर करून घेणं, मुलाने बापाच्या वतीने निर्णय देणं. आपल्याकडे हे रोजचं, तिथे पेशंटचा हक्क आधी. भाषांतराला दुभाषा बोलवायचा, घरचं माणूस नव्हे.

औषधांचं एक काम आहे, ते मात्र निव्वळ घोकंपट्टी आहे आणि एका रविवारी उरकतं. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, नॉरअ‍ॅड आपण म्हणतो ते नॉरएपिनेफ्रिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. कंपनीची नावं परीक्षेत विचारत नाहीत, जेनेरिकच असतात. आणि पौंडांचे किलो करायला शिक: २.२ पौंड म्हणजे एक किलो. डोसाचं गणित येत असूनही वजन पौंडांत राहिल्यामुळे चुकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातली एक मी.

क्लासचं विचारलंस. मी क्लासच्या विरोधात नाही. घरी दोन पोरं, सासूबाई आजारी, अभ्यासाला बसायलाच होत नाही, अशी बाई असेल तर ठरलेल्या वेळेला कुणीतरी समोर बसवतं, याचे पैसे देण्यात वावगं नाही. पण साठ हजार देण्याआधी एक तास बसू द्या म्हणून सांग, आणि त्या तासात बघ: ते प्रश्न सोडवून घेतात का, की स्लाइड वाचून दाखवतात? केस स्टडी घेतात का? शिकवणाऱ्या व्यक्तीने स्वतः २०२३ नंतर परीक्षा दिली आहे किंवा निदान नवीन पद्धतीचे प्रश्न रोज हाताळते का? 'पास होईपर्यंत'चा अर्थ लेखी माग. माझ्या ओळखीतल्या एकीला या शब्दाचा अर्थ नंतर कळला: त्याच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंची लिंक आणखी सहा महिने. आणि समोर बसवणाऱ्या कुणाची गरज नसेल, तुझी तू सकाळी दोन तास काढत असशील, तर क्लास नकोच. पुण्यात एखादी दुसरी मुलगी शोध जी हीच परीक्षा देते आहे. आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून एक केस स्टडी मोठ्याने सोडवा. मोठ्याने, म्हणजे 'मी हे निवडलं कारण...' असं म्हणून. 'कारण' नंतर जीभ अडखळली की समजायचं, अंदाजपंचे दाहोदरसे चाललं होतं.

तुझा शेवटचा प्रश्न वेडा मुळीच नाही. प्रश्न इंग्रजीत वाच, भरपूर वाच, कारण दीडशे प्रश्नांना पाच तास म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं, आणि केस स्टडीत वाचायलाच खूप असतं. पण चुकांची वही मराठीत ठेव. एका चुकीला एक ओळ, जास्त नाही. आपण का चुकलो हे स्वतःला सांगायचं असतं, ते आपल्याच भाषेत नीट सांगता येतं. माझी वही अजून आहे, हळदीच्या डागासकट. त्यातल्या काही ओळी:

'सीओपीडीत ८९ हे आजोबांचं घर आहे, बाहेर काढायला जाऊ नकोस.'

'डिगॉक्सिनआधी पूर्ण एक मिनिट छातीवर ठोके मोज. साठच्या खाली, थांब.'

'जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे जा.'

'पोटॅशियम कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. कधीही. कुणीही सांगितलं तरी.'

'सहीच्या वेळी नर्स साक्षीदार. समजावणं डॉक्टरचं. पेशंट म्हणाला कळलं नाही, तर सही थांबव.'

'पौंड!!!'

तुझी,
ताई